अंगठा जुळत नाही म्हणून आईचं रेशन बंद करता येतं का?

प्रश्न : आई ७१ वर्षांची, गावी एकटीच राहते. अंत्योदय कार्डावर फक्त तिचंच नाव आहे. आयुष्यभर ऊसतोडणी केल्याने बोटं गुळगुळीत झाली आहेत, ई-पॉस मशीन अंगठा घेत नाही. तीन महिने दुकानदार ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून परत पाठवतोय. आधार कार्ड आहे, मोबाइल नाही.

उत्तर : नाही, बंद करता येत नाही. मशीन अंगठा घेत नाही हे खरं असेल. पण म्हणून धान्य द्यायचं नाही, हे दुकानदाराने परस्पर ठरवलंय.

आधार कायदा, २०१६ चं कलम ७ पाहा. लाभ घेणाऱ्याने प्रमाणीकरण (ठसा वगैरे जुळवून ओळख पटवणं) करावं ‘किंवा’ आधार क्रमांक असल्याचा पुरावा द्यावा, असं तिथे लिहिलंय. तुमच्या आईची सगळी बाजू या ‘किंवा’वर उभी आहे. २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात तर आधार प्राधिकरणानेच सांगितलंय, की बोट चालत नसेल तर बुबुळं किंवा ओटीपी वापरा. तेही जमलं नाही तर आधार कार्ड पाहून, नोंदवहीत नोंद करून लाभ द्या. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ७ कायम ठेवलं, पण ठसा जुळला नाही एवढ्यावरून पात्र माणूस वंचित राहू नये, असंही बजावलं.

आता पुराव्याचं. ‘मशीन घेत नाही’ हे दुकानदार कधीच लिहून देत नाहीत, आणि तक्रार तिथेच अडते. म्हणून एकदा आईबरोबर दुकानात जा आणि स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो काढा. ३०० हा कोड आला, तर क्रमांकाचा घोळ नाही, ठसा जुळत नाही एवढाच अर्थ. मग तिला आधार केंद्रात नेऊन बायोमेट्रिक अपडेट करा आणि त्याच खेपेला तुमचा मोबाइल नंबर तिच्या आधारला जोडा. याचा दुहेरी फायदा आहे : ओटीपीची सोय होते, शिवाय आधारच्या संकेतस्थळावर मागच्या ६ महिन्यांचे प्रमाणीकरणाचे प्रयत्न, फसलेलेसुद्धा, तारखेसकट दिसतात. आई दुकानात गेली होती, हे त्यातून सिद्ध होतं. सहा महिन्यांपलीकडचं मात्र दिसत नाही, तेव्हा रेंगाळू नका.

अर्ज तहसीलदारांच्या पुरवठा शाखेत द्या, प्रत जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांना, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मागण्या दोनच : पर्यायी पद्धतीने या महिन्यापासून धान्य, आणि बुडालेल्याची भरपाई. अंत्योदयला महिना ३५ किलो, म्हणजे तीन महिन्यांचे १०५ किलो. न दिलेल्या धान्याबद्दल राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ८ मध्ये अन्न सुरक्षा भत्त्याची, म्हणजे धान्याऐवजी पैशांची, तरतूद आहे. लोक तो मागतच नाहीत, त्यामुळे कार्यालयातही कुणाला त्याची सवय नसते; अर्जात कलमाचा आकडा ठळक लिहा. दाद लागली नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं.

अर्ज देण्याआधी आईच्या कार्डावरचे गेल्या तीन महिन्यांचे व्यवहार मात्र काढून पाहा. तिथे धान्य ‘वाटप झालं’ असं दिसलं, तर मामला अंगठ्याचा राहत नाही. तो जीवनावश्यक वस्तू कायद्याखालच्या गुन्ह्याचा होतो आणि अर्जाचा मसुदाही बदलतो. तसं निघालं तर कागद घेऊन आधी वकिलाला भेटा.