वाचकांचे प्रश्न : टर्बो पेट्रोल गाडीचं ऑइल, घाट आणि काजळी

छोट्या टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) पेट्रोल गाड्या सीमाभागात वाढल्या, तशी त्यांच्याबद्दलची पत्रंही वाढली. या अंकात तीच घेतली आहेत.

प्रश्न (निपाणी) : हजार सीसीचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन असलेली गाडी बघून आलोय. वडील म्हणतात, एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद काढली की ते लवकर बसणार. डायरेक्ट इंजेक्शन म्हणजे नेमकं काय आणि वडिलांचं म्हणणं कितपत खरं?

उत्तर : वडिलांची शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. साध्या पेट्रोल इंजिनात इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, असतो आणि साधारण ३-४ बार दाबाने इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) पाठीवर पेट्रोल फवारतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तो थेट सिलिंडरमध्ये उघडतो. टाकीतला पंप पेट्रोल पुढे ढकलतो आणि कॅमशाफ्टवर चालणारा हाय-प्रेशर पंप त्याचा दाब २०० ते ३५० बारपर्यंत नेतो. टायरमध्ये आपण ३२-३३ पौंड हवा भरतो, ती जेमतेम सव्वादोन बार. यावरून अंदाज करा. पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्येच होते, तेव्हा आतली हवा थंड होते आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक, लांबतं. म्हणूनच टर्बोने हवा दाबून भरणं परवडतं. ह्युंदाई-कियाचं ९९८ सीसीचं इंजिन १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर देतं. त्याच घराण्यातलं बिनटर्बोचं १.२ लिटर ८३ पीएसच्या आसपास थांबतं.

ही ताकद धरूनच पिस्टन, बेअरिंग आणि कूलिंग आखलेलं असतं. फक्त साधं इंजिन ऑइलच्या बाबतीत जेवढं सोसतं, तेवढं हे सोसत नाही. खरेदीआधी आणखी एक गोष्ट विचारा : टायमिंगला चेन आहे की बेल्ट? ह्युंदाई-कियाच्या या इंजिनात चेन आहे, फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये बेल्ट. बेल्ट मॅन्युअलमधल्या मुदतीला बदलायचा. चेनचं आयुष्य ऑइलवर. आणि टर्बो म्हटलं की डायरेक्ट इंजेक्शन असतंच असं नाही. टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल साध्या पोर्ट इंजेक्शनचं आहे.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : रोजचं रनिंग तीन-चार किलोमीटर, शाळा आणि बाजार. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी पट्टीवर वर चढलंय आणि पेट्रोलचा वास येतोय. असं कसं?

उत्तर : या वेळच्या पत्रांमधलं सगळ्यांत महत्त्वाचं पत्र हेच. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त सोडलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल नीट तापलं की ते उडून जातं. पण कूलंटचा काटा मधे आला म्हणजे ऑइल तापलं असं होत नाही, त्याला आणखी दहा-पंधरा मिनिटं लागतात. तुमची गाडी त्याआधीच बंद होते. साचलेलं पेट्रोल ऑइल पातळ करतं, आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा टर्बोचा शाफ्ट त्याच पातळ थरावर तरंगत असतो.

गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन गरम असताना बंद करा, दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा घाला आणि मग वाचा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, थोडंसं काढून टाकून भागवू नका. पुढे आठवड्यातून एकदा गाडी खानापूरपर्यंत सलग नेऊन आणा. पंचवीसेक किलोमीटरचा एकेरी रस्ता या कामाला पुरतो. तुमच्यासारख्या वापरात ऑइल बदलायला वर्ष किंवा १५ हजार किलोमीटरची वाट बघायची नाही. सहा महिने किंवा ७,५०० किलोमीटर, जे आधी होईल ते.

एवढं करूनही महिन्याभरात पातळी पुन्हा चढली, तर दोष वापराचा नाही, बिघाड आहे. गळका इंजेक्टर किंवा हाय-प्रेशर पंपाच्या दांड्याचं सील, हे दोन्ही तपासून घ्या.

प्रश्न (जांबोटी) : चोर्ला घाटातून वर येताना, गाडीत पाच माणसं, चौथ्या गिअरला दाबली की कधी तरी खट्‌कन मोठा आवाज येतो. मेस्त्री म्हणतात पेट्रोल खराब. पंप बदलून पाहिला, फरक नाही.

उत्तर : पंपाचा दोष नसावा. १,५०० आरपीएमला वरचा गिअर आणि पॅडल पूर्ण दाबलेलं, म्हणजे टर्बो भरपूर हवा भरतोय आणि पिस्टन सावकाश चाललाय. अशा वेळी रिंगेजवळ साचलेला ऑइल-पेट्रोलचा थेंब प्लगची ठिणगी पडायच्या आधीच पेट घेतो. साध्या नॉकिंगला नॉक सेन्सर ठिणगी उशिरा करून आवरतो; इथे ठिणगीच्या आधीच जाळ झालेला असतो, सेन्सर काय करणार! असे मोजके ठोकेसुद्धा पिस्टनचा रिंगेजवळचा काठ तोडू शकतात.

घाटात तिसरा, गरज पडली तर दुसरा गिअर घ्या आणि आरपीएम २,५०० च्या आसपास ठेवा. इंजिन ओरडतंय वाटेल, ओरडू द्या. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच आणि डब्यावर एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं घ्या. जुन्या ऑइलमधल्या जादा कॅल्शियममुळे हे ठोके वाढतात, एसपी दर्जात त्यावरच उपाय केलेला आहे. घाट चढून लगेच थांबायचं असेल तर इंजिन मिनिटभर आयडलला चालू ठेवा. बंद केल्यावर पंखा किंवा छोटा पंप फिरत राहिला तर घाबरू नका, तो टर्बो गार करतोय.

प्रश्न (चिकोडी) : ६५ हजार किलोमीटर झाले. सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर मिसिंग मारते, पिकअपही मेला. पेट्रोलमध्ये टाकायची क्लीनरची बाटली घेतली, उपयोग नाही.

उत्तर : इनटेक व्हॉल्व्हवरच्या काजळीसाठी घेतली असेल तर उपयोग होणारही नव्हता. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातून) येणारी ऑइलची वाफ त्यावर बसते, भाजते आणि तिथेच थर धरते; धुऊन काढायला पेट्रोल नाही.

पण थेट काजळीवर जाऊ नका. आधी स्कॅनर लावा. पहिल्या सिलिंडरचा मिसफायर म्हणजे पी ०३०१ दिसत असेल, तर त्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) दोन नंबरच्या सिलिंडरवर चढवा. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल गेली. तसाच राहिला तर प्लग असाच फिरवून बघा. यातून निभावलं नाही, तरच मॅनिफोल्ड काढून व्हॉल्व्ह डोळ्यांनी पाहा. काळा खरखरीत थर असेल तर अक्रोडाच्या टरफलाचा चुरा हवेने मारून तो काढतात. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत तोच पोर्ट साफ करायचा, व्हॅक्यूमने चुरा ओढून घ्यायचा, मग क्रँक फिरवून पुढचा. मॅनिफोल्डची गॅस्केट नवीच टाकायची, आणि इंजेक्टर काढलेच तर त्यांची टेफ्लॉन सीलंही.

मेस्त्रींना एक सांगून ठेवा. जुन्या डिझेलसारखा इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून पेट्रोल येतंय का बघायचं नाही. इंजिन चालू असताना त्या फवाऱ्याने कातडी फाटते आणि गरम टर्बोवर पडला तर आग लागते.

प्रश्न (संकेश्वर) : २०२४ ची टर्बो गाडी आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मायलेज १६ वरून १२ वर आलं. इंजिन खराब होईल का?

उत्तर : आपल्याच उसाचं इथेनॉल आहे म्हणून बाजू घेत नाही, पण एवढी घट त्याची नाही. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांश. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साडेसहा टक्क्यांच्या आसपास, आणि आधीच्या १० टक्क्यांच्या मिश्रणाशी तुलना केली तर तीन-चार टक्के कमी. तुमची घट २५ टक्क्यांची आहे. १ एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर आणि पाइप या पेट्रोलला टिकणारे आहेत. पावसाळ्यात महिना-महिना गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, इथेनॉल ओल धरतं.

मायलेजसाठी टायरची हवा, घासणारे ब्रेक, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडाच अडकलाय का आणि इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या पाइपांच्या क्लिपा सैल आहेत का, या क्रमाने बघत जा.