नागपुरात बदली होऊन आलोय, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. फिटनेस बँड घ्यावा का, आणि घेतला तर कोणता?

तुम्ही लिहिलंय की वय ४६, दिवसभर खुर्चीतलं काम, एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ निघालं आणि डॉक्टर म्हणाले, 'औषध आत्ताच नको, आधी चालायला लागा.' आता मनात दोन पर्याय आहेत, तीन हजारांचा बँड की अठ्ठावीस हजारांचं स्मार्टवॉच. माझं मत विचाराल तर सध्या दोन्ही घेऊ नका. तीन आठवडे फोन पँटच्या खिशात ठेवून चाला. फोन पावलं मोजतो, त्याला एक रुपया लागत नाही. तीन आठवड्यांनंतर काय करायचं ते शेवटी सांगतो.

मी ५३ वर्षांचा, इतवारीत एका ठोक किराणा व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. म्हणजे बसणं हाच माझाही धंदा. पहिला बँड मुलानं २०१८ च्या दिवाळीला आणून दिला. पहिल्याच आठवड्यात रोज साडेआठ-नऊ हजार पावलं दिसायला लागली आणि मी खूश. कुठंही वेगळं चालत नव्हतो, तरी नऊ हजार! रविवारी घरी होतो तर आकडा ३,१०० वर अडकला. हिशेबनीसाच्या डोक्यात तिथंच खटकलं. सोमवारी निघताना आकडा कागदावर लिहिला आणि मानेवाड्याहून तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक करत स्कूटरनं दुकानी पोचल्यावर पुन्हा पाहिला. ७४० पावलं जास्त. मी सीटवर बसलेला, चालली ती स्कूटर, आणि पावलं माझ्या खात्यात जमा! येताना परत तेवढीच.

मग घरात प्रयोगच सुरू झाले. बायकोनं बँड घालून पंचवीस पोळ्या लाटल्या, तीनशेच्या वर पावलं. ती म्हणाली, "बापा, मग मी तर रोज रामटेकला जाऊन येऊन राहिली." याच्या उलट, मॉलमध्ये तासभर ट्रॉली ढकलत हिंडलो तर बँडला जवळपास काहीच कळलं नाही, कारण दोन्ही हात दांड्यावर स्थिर. बँडच्या आत हालचाल टिपणारा बारीक सेन्सर असतो. तो पाय बघत नाही, मनगटाच्या झोक्यावरून अंदाज बांधतो. हे एकदा समजलं की चिडचिड होत नाही. स्कूटरची पावलं वजा करायची आणि पुढं जायचं. रोजच्या रोज चूक सारखीच असेल तर कालच्यापेक्षा आज जास्त की कमी, एवढं नीट कळतं.

आता नाडी. बँडखाली तो हिरवा दिवा लुकलुकतो ना, त्याचं काम साधं आहे. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. ती चढउतार मोजून नाडी निघते. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि सगळा घोळ होतो. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, घट्ट पण वळ न उठेल असा बांधायचा. बायकांना इथं खरी अडचण येते. हातात बांगड्या, पाटल्या असतील तर बँड जागेवर राहतच नाही. आमच्या घरी तो शेवटी बांगड्यांच्या वर, कोपराकडे सरकवून घालतात.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी पडलेला आकडा म्हणजे विश्रांतीतली नाडी. चालायला लागलो तेव्हा ७८ होती, आठ महिन्यांनी ६९ वर आली. ताप यायच्या आदल्या रात्रीच ती ८४ वर गेलेली होती, हे मला नंतर मागं जाऊन पाहिल्यावर दिसलं. वजनकाटा दोन महिने जागचा हलला नाही तेव्हा या एका आकड्यानं मला चालत ठेवलं, हे मी मान्य करतो.

नागपुरात नवीन आहात म्हणून आणखी एक. डिसेंबरात फुटाळ्यावर ज्या वेगानं माझी नाडी १०४ असते, त्याच वेगानं, त्याच रस्त्यावर मे महिन्यात १२१ दिसते. पहिल्या वर्षी घाबरून डॉक्टरांकडे गेलो होतो. ते हसले. अंग थंड ठेवायला शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, म्हणून हृदयाला तेवढ्याच चालीला जास्त ठोके द्यावे लागतात. घड्याळ बिघडलेलं नसतं, आपलं गाव तसं आहे. तेव्हा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, पहाटे साडेपाचला निघा, वेग कमी ठेवा आणि एप्रिल-मेचे आकडे थंडीतल्या आकड्यांशी ताडून बघू नका. अंबाझरी, सेमिनरी हिल्स, फुटाळा, कुठंही जा. सेमिनरी हिल्सला झाडं आहेत आणि चढही आहे, सुरुवातीला दम लागेल. महागड्या घड्याळाबद्दल याच ओघात सांगतो. ॲपल स्वतःच सांगतं की त्यांचं घड्याळ ० ते ३५ अंश तापमानात वापरावं. आपल्याकडं मेमध्ये पारा ४५ च्या घरात असतो. भर दुपारी दुचाकी चालवताना ते उन्हात मिरवायचं काही कारण नाही.

कॅलरीच्या आकड्याकडं मात्र बघूच नका. यानं माझं प्रत्यक्ष नुकसान केलंय. सकाळी पाचेक किलोमीटर चालून झालं की बँड म्हणायचा, ४३० कॅलरी जळल्या. मी मनात हिशेब मांडायचो, ४३० म्हणजे एक प्लेट तर्री पोहे आरामात बसतात. वरून चणे, वरून शेव, आणि तर्री परत मागायची. तीन महिने चाललो आणि दीड किलो वाढलो. माझ्या वजनाच्या माणसाला पाच किलोमीटरचे अडीचशे-तीनशे मिळाले तरी खूप. स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये सात वेगवेगळी उपकरणं तपासली होती. नाडी बहुतेकांची बऱ्यापैकी बरोबर आली, पण कॅलरीत सर्वांत चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. इतका चुकणारा माणूस आमच्या शेठनं एक दिवस गादीवर ठेवला नसता.

बँड घेतला की वजन उतरतं हाही समज आहे. पिट्सबर्ग विद्यापीठानं वजन कमी करू पाहणाऱ्या तरुण लोकांवर दोन वर्षं अभ्यास केला, तो २०१६ मध्ये छापून आला. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांना होता, अर्ध्यांना वर बँडही दिला. बँडवाले सरासरी साडेतीन किलोंनी उतरले, बिनबँडवाले जवळपास सहा किलोंनी. कारण ठामपणे कुणी सांगू शकलं नाही. मला आपलं ते तर्री पोह्यांचं कारण पटतं.

आणि त्या दहा हजार पावलांचं ओझं घेऊ नका. तो आकडा कुण्या डॉक्टरनं काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानात कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव खपलं, आकडा जगभर झाला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये वयस्क बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्ट कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढं फारसा फरक उरला नाही. त्या बायकांचं सरासरी वय ७२ होतं, तुम्ही ४६ चे, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा लावून घेऊ नका. पण साडेसहा हजारांवर दिवस संपला म्हणून रात्री साडेअकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची गरज नाही. (मी घातल्यात. खालच्या मजल्यावरचे काका वर आले होते.)

तुमचा प्रश्न साखरेचा आहे, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो. सुई न टोचता साखर दाखवणारी घड्याळं ऑनलाइन दिसतील, सीताबर्डीच्या फुटपाथवरही मिळतील. त्यांच्या नादाला अजिबात लागू नका. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना उघड इशारा दिला की टोचल्याशिवाय रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. आमच्या दुकानातल्या एका पोरानं असंच एक नऊशेचं घड्याळ आणलं होतं, बीपी, ऑक्सिजन, सगळं दाखवणारं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी ते टेबलावरच्या संत्र्याला बांधलं. संत्र्याची नाडी ८२, ऑक्सिजन ९७, बीपी ११८/७६. माझ्यापेक्षा तब्येत चांगली. पोरगं म्हणालं, "भाऊ, संत्रं काटोलचं असन."

बँडवरचे पैसे वाचवून एक ग्लुकोमीटर घ्या आणि एचबीए१सी डॉक्टर सांगतील तेव्हा लॅबमधूनच करा. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, दोन्ही वेळा. जेवणानंतर साखर जी उसळी मारते ती यानं खाली राहते, आणि तुमच्यासाठी सकाळच्या एका लांब फेरीइतकंच हे कामाचं आहे. हे करायला मनगटावर काही बांधावं लागत नाही.

महागडं घड्याळ कुणी घ्यावं तेही सांगतो. माझ्या मेव्हण्यांना अधूनमधून छातीत फडफड व्हायची. दवाखान्यात ईसीजी काढला की सगळं नॉर्मल, घरी आले की पुन्हा फडफड. त्यांनी ईसीजीवालं घड्याळ घेतलं (ॲपलनं ही सोय २०१८ पासून दिली, आता इतरांकडेही आहे). पुढच्या वेळी फडफड होताच दुसऱ्या हाताचं बोट घड्याळावर ठेवून अर्ध्या मिनिटाची पट्टी काढली आणि ती डॉक्टरांना दाखवली. ठोक्यांची अनियमितता त्यात सापडली, औषध सुरू झालं. तिथं पैसे वसूल. पण हार्ट अटॅक ते ओळखत नाही, हे ॲपल स्वतः लिहून देतं. छातीत दुखायला लागलं आणि घड्याळ गप्प आहे म्हणून घरी बसून राहिलात तर जिवावर बेतेल. तुम्हाला असा काही त्रास नसेल तर अठ्ठावीस हजार कशासाठी घालवायचे?

झोपेचं फार मनावर घेऊ नका. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, हे बँड ठीक सांगतो. गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, हा हालचाल आणि नाडीवरून केलेला अंदाज आहे. एकदा सकाळी छान फ्रेश उठलो, बँडनं गुण दिले ६१, आणि दिवसभर मला थकल्यासारखं वाटत राहिलं. बायको म्हणाली, "मला विचारा ना. दोन ते चार घोरत होते तुम्ही, पलंग हलत होता."

आता खरेदीतले खाचखळगे. प्रत्येक बँडचा चार्जर वेगळा असतो, तो हरवला तर बँडही गेलाच समजा. माझा दुसरा बँड वॉरंटीत असताना बंद पडला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं सात आठवडे ठेवून घेतला आणि शेवटी 'पार्ट येत नाही' म्हणून परत दिला. म्हणून घ्यायच्या आधी चार्जर आणि पट्टा सुटा मिळतो का ते दुकानात विचारा. चाळिशीचा चष्मा असेल तर मोठे आकडे बघून घ्या, आणि दुकानाबाहेर उन्हात धरून स्क्रीन दिसते का तेही बघा. आठवडाभर चार्जिंग टिकणारा घ्या. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ माझ्यासारखा माणूस महिनाभरात कपाटात ठेवतो. घामानं पट्ट्याखाली पुरळ येतं, आंघोळीनंतर मनगट आणि पट्टा दोन्ही कोरडे करून मगच घाला. रात्री कधी काढून ठेवलात तरी बिघडत नाही.

तर, तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात आकडा कदाचित तीन-चार हजारांच्या आसपास येईल, लाजू नका, खुर्चीतल्या कामात तेवढाच येतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात स्वतःकडं लक्ष ठेवा. संध्याकाळी आकडा कमी दिसला म्हणून तुम्ही चपला घालून बाहेर पडलात का? पडत असाल, आणि घरात हिंडताना फोन टेबलावर राहिला म्हणून पावलं बुडाली याची हळहळ वाटायला लागली असेल, तर तीन हजारांचा बँड बिनधास्त घ्या. आकडा बघून 'उद्या बघू' म्हणत असाल, तर मनगटावरचा आकडा बघूनही तेच म्हणाल. अशा वेळी शेजारचा एखादा चालणारा माणूस गाठा, जो सकाळी खाली उभा राहून हाका मारेल.

आणि घेतलात तर पट्टा काळा घ्या. पांढरा इथल्या घामात एका उन्हाळ्यात पिवळा पडतो.