गिळताना छातीच्या मधोमध दुखतं, ईसीजी नॉर्मल आहे. अन्ननलिकेचा त्रास असेल का?

तुम्ही लिहिलंय की चार दिवसांपासून घास गिळताना छातीच्या मधोमध कळ येते, ईसीजी नॉर्मल आला आणि अ‍ॅसिडिटीच्या औषधानेही फरक नाही. आधी ईसीजी करून घेतलात हे फार बरं केलंत. हृदय आणि अन्ननलिका या दोन्हींचं दुखणं छातीत एकाच जागी जाणवू शकतं. जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनने (हृदयाच्या दुखण्यावरच्या औषधाने) आराम पडला म्हणजे हृदयच, असंही नसतं, कारण आवळलेली अन्ननलिकाही त्याने सैल पडते. घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चालताना वाढणारं दुखणं यातलं काहीही जाणवलं, तर एका नॉर्मल ईसीजीवर विसंबू नका, लगेच इमर्जन्सीत जा.

मी एंडोस्कोपी विभागात, म्हणजे तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून अन्ननलिका आतून पाहतात तिथे, नर्स आहे. पेशंटला आत घेण्याआधी मी नेहमी विचारते: गिळताना दुखतं, घास अडकतो, की जळजळ वर येते? बहुतेक जण तिन्हींना अ‍ॅसिडिटीच म्हणतात. जेवणानंतर किंवा आडवं झाल्यावर जळजळ होत असेल तर बहुधा पोटातलं आम्ल वर येत असतं. आधी घट्ट घास आणि मग हळूहळू पातळही अडकायला लागलं, तर नळी अरुंद झाल्याची किंवा गाठीची शंका येते. पाणी आणि घास दोन्ही पहिल्यापासून अडकत असतील तर नळीच्या हालचालीत बिघाड असू शकतो.

तुमच्यासारखं गिळताना अचानक दुखायला लागलं की मी पहिल्यांदा विचारते, कुठली गोळी चालू आहे? मुरुमांसाठी दिलेलं डॉक्सिसायक्लिन, हाडांसाठीचं अलेंड्रोनेट, लोहाच्या किंवा पोटॅशियमच्या गोळ्या, आयबुप्रोफेन. घोटभर पाण्याबरोबर गोळी घेऊन लगेच झोपलं की ती वाटेतच चिकटते आणि तिथलं अस्तर भाजून काढते. स्क्रीनवर हे अगदी स्पष्ट दिसतं: महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचा) दाब पडतो त्या भागात एक छोटा व्रण, आजूबाजूला मात्र निरोगी गुलाबी अस्तर. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की असे व्रण बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत भरतात. स्वतःच्या मनाने मात्र औषध बंद करू नका. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर निदान अर्धा तास आडवं होऊ नका. मधुमेह, केमो किंवा स्टेरॉइड (इनहेलरमधलंसुद्धा) चालू असेल तर तेही सांगा, कारण तिथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

दुखणं थांबलं नाही तर एंडोस्कोपी करावी लागेल. ती काही मिनिटांत होते. अस्तर वरवर ठीक दिसलं तरी बायोप्सी (तपासणीसाठी अस्तराचा छोटा तुकडा) घेणार का, हे जरूर विचारा. इओसिनोफिल नावाच्या पेशींमुळे होणारा दाह डोळ्यांना न दिसता फक्त तुकड्यात सापडू शकतो. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात 15 किंवा जास्त पेशी दिसल्या की त्याचं निदान होऊ शकतं. चिमटा घेतलेला जवळपास कळतही नाही. यातही काही निघालं नाही, तरच 24 तासांची आम्ल-तपासणी किंवा मॅनोमेट्री. मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी घालून गिळताना पडणारा दाब मोजतात. सगळ्या तपासण्या सगळ्यांना लागत नाहीत.

वजन घटतंय, उलटीत रक्त किंवा काळी शी होतेय, थुंकीही गिळता येत नाही, असं असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. नाहीतर डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, व्हिटॅमिनची आणि दुकानातून स्वतः आणलेलीसुद्धा.