इझाकायात पहिल्यांदा जाताना

इझाकाया म्हणजे जपानमधलं पिण्याचं आणि सोबत खाण्याचं साधं ठिकाण. दारावर लाल कागदी कंदील लटकलेला दिसला की बिनधास्त आत शिरा आणि किती जण आहात ते बोटांनी दाखवा. काही ठिकाणी बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे धड असू द्या.

बसल्यावर ओला रुमाल येतो, तो हात पुसायला. पाठोपाठ न मागवलेली एक छोटीशी वाटी येते. तिच्यात शिजवलेला मुळा किंवा समुद्री शेवाळ, असं काहीतरी चमचा-दोन चमचे. ही ओतोशी. माणशी साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात. फसवलं म्हणून हुज्जत घालू नका, बसायच्या जागेचे पैसे समजा.

आधी पेयं सांगायची, खाणं नंतर. तेही एकदम नको. दोन-तीन पदार्थ मागवा, मधोमध ठेवून वाटून खा, मग पुढचे. वेटर आपणहून येत नाही. मोठ्याने ‘सुमिमासेन’ (म्हणजे ‘माफ करा, जरा इकडे’) म्हणा, त्यात उद्धटपणा नाही. बाटली असेल तर शेजाऱ्याचा पेला आपण भरायचा, आपला तो भरतो. सगळ्यांनी ‘कानपाई’ (म्हणजे ‘चिअर्स’) म्हटल्याशिवाय घोट घेऊ नका.

शाकाहारी असाल तर खरंच जपून. बहुतेक रश्शांत दाशी असते, म्हणजे बहुधा सुक्या माशाचं पाणी. थंड टोफूवरही माशाचे पातळ काप भुरभुरवलेले असतात. एदामामे, म्हणजे मीठ लावलेल्या सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, निर्धास्त मागवा.

टिप ठेवू नका, पोरगा पैसे परत द्यायला रस्त्यापर्यंत धावत येईल.