लॉ आणि क्रिमिनॉलॉजी एकत्र करायचंय म्हणतेस तर

अगं, तुझा मेसेज वाचला. उत्साह दिसतोय, छानच आहे, पण तू फॉरेन्सिक आणि क्रिमिनॉलॉजी एकच धरून चालली आहेस. रक्ताचे डाग, डीएनए, गोळी कुठल्या पिस्तुलातून सुटली हे फॉरेन्सिक, ते सायन्सवाल्यांचं काम. क्रिमिनॉलॉजीत प्रश्न वेगळे असतात, गुन्हे का होतात, कशाला गुन्हा म्हणायचं हे कोण ठरवतं, पकडलं कोण जातं, सुटून आल्यावर त्या माणसाचं पुढे होतं काय. वेब सिरीजमधला आरोपीच्या मनातलं ओळखणारा ऑफिसर डोक्यात असेल तर तो काढून टाक, तसली नोकरी आपल्याकडे जवळपास नाहीच.

कोर्सचं पटकन सांगते. माझं मत, बारावीनंतर सरळ 5 वर्षांचं लॉ घे, महाराष्ट्राची लॉ सीईटी दे, जमलं तर नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची क्लॅट पण दे, आणि क्रिमिनॉलॉजी ऑप्शनल म्हणून किंवा नंतर एलएलएमला, म्हणजे लॉच्या मास्टर्सला घे. नुसत्या क्रिमिनॉलॉजीच्या डिग्रीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही, त्याला बार कौन्सिलने मान्य केलेलं एलएलबी लागतं आणि वर बार कौन्सिलची एआयबीई ही परीक्षा पास व्हावी लागते. गांधीनगरच्या फॉरेन्सिक युनिव्हर्सिटीचं तू विचारलंस, तिथेही लॉ आहे, पण ब्रोशर बघू नकोस, पाचही वर्षांचा सिलॅबस मागून घे आणि क्रिमिनॉलॉजीचे पेपर खरंच किती आहेत ते मोज. आणि जज व्हायचं डोक्यात असेल तर मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने 3 वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणलीय, म्हणजे डिग्री झाली की लगेच परीक्षा हा प्लॅन आता चालणार नाही.

आता हे दोन्ही एकत्र शिकून काय मिळतं ते बघ. पुण्यातली 2024 ची पोर्शे गाडीच्या अपघाताची केस आठवते ना, कल्याणीनगरची, गाडी चालवणारा 17 वर्षांचा मुलगा, दोन जीव गेले, आणि 300 शब्दांचा निबंध लिही म्हणून जामीन. सगळे भडकले, मी पण भडकले. पण वकील म्हणून तुला आधी कायदा काय म्हणतो ते बघावं लागेल. 16 ते 18 मधल्या मुलावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा तर गुन्हा 'हीनस', म्हणजे अतिगंभीर, असावा लागतो, कायद्यात कमीत कमी 7 वर्षं शिक्षा असलेला, आणि जुन्या भारतीय दंड संहितेतल्या सदोष मनुष्यवधाच्या 304 कलमात अशी किमान शिक्षाच नव्हती, शिवाय सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये शिल्पा मित्तलच्या केसमध्ये सांगितलेलंच होतं की किमान 7 वर्षं नसतील तर तो हीनस नाही. हा झाला लॉ. आणि समजा गुन्हा हीनस निघाला, तरी बाल न्याय मंडळाला (जुव्हेनाईल जस्टिस बोर्डाला) बघावं लागतं की मुलाला परिणाम कळत होते का, कुठल्या परिस्थितीत हे केलं, आणि एवढ्या वयाच्या मुलाला मोठ्यांच्या जेलमध्ये टाकून तो सुधारतो की बिघडतो हा प्रश्न तर मागे उभाच असतो. तो कलमं पाठ करून सुटत नाही, तिथे क्रिमिनॉलॉजी लागते.

उलट नुसती क्रिमिनॉलॉजीची थिअरी पण धोक्याची असते हे सुरुवातीलाच कळलेलं बरं. पहिल्या सेमिस्टरला लोम्ब्रोसो येईल, इटलीचा डॉक्टर, 1876 साली म्हणाला की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटीवरून, जबड्यावरून ओळखू येतो. वर्गात सगळे हसतात. पण इंग्रजांनी इथे त्याच्या आधीच, 1871 ला, क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट करून अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या होत्या, आणि आपल्याकडच्या पारध्यांना तो शिक्का बसला, सोलापूरला अशा जमातींना डांबून ठेवायची तारेच्या कुंपणातली वसाहत, सेटलमेंट, होती. कायदा 1952 ला गेला, शिक्का कुठे गेला? आजही गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात. ऑक्टोबर 2024 मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की जेलच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा. ती ऑर्डर वाच, लांब आहे पण वाच.

आकड्यांचं पण तसंच. देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या रिपोर्टमध्ये बलात्काराच्या केसेस 2012 ला 24,923 आणि 2013 ला 33,707. एका वर्षात देश एवढा बिघडला का? डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर बायका पुढे येऊन तक्रार करायला लागल्या, कायद्यात बलात्काराची व्याख्या रुंद झाली, एफआयआर न घेणाऱ्या पोलिसावर कारवाईचं कलम आलं. त्यामुळे कोणी वाढलेला आकडा तोंडावर मारला की आधी विचारायचं, त्या वर्षी कायदा बदलला होता का.

आणि मराठी! इंग्लिश मीडियमवाल्या तुम्ही पोरी इथे अडकता. आपल्या खालच्या कोर्टात फिर्याद, जबाब, पंचनामा सगळं मराठीत, त्यातही बरंच हाताने लिहिलेलं, आणि पोलिसांचं अक्षर म्हणजे डॉक्टरांचं बरं. मूट कोर्टमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्यांच्या स्पर्धेत, ट्रॉफ्या घेतलेली पोरं मुद्देमालाची यादी वाचताना गप्प होतात. आत्तापासून वाचायची सवय लाव.

सुट्टीत मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन बस, आरोपींना रिमांडसाठी, म्हणजे कोठडीच्या निर्णयासाठी, आणतात त्या वेळी. तिथे येणाऱ्यांच्या पायातल्या चपला बघ. देशातल्या जेलमध्ये चारातले सुमारे तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे अजून काही सिद्धच झालेलं नाही, आणि कितीतरी जण जामीन मिळूनही आत असतात कारण जामीनदार नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात इंटर्नशिप माग, स्टायपेंडची आशा ठेवू नकोस. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत आहे, औंध संस्थानच्या राजाच्या काळातली, कैदी बायकामुलांसकट राहून शेती करतात, कॉलेजमार्फत परवानगी मिळाली तर नक्की जा.

आईला काळजी आहे की क्रिमिनल साईड मुलींसाठी नाही. तिला सांग सेशन कोर्टात आता सरकारी वकील बाया भरपूर आहेत. पैशाची काळजी मात्र खरी आहे, पहिली काही वर्षं जुनिअरच्या हातात पेट्रोलपुरतं पडतं, कधी तेही नाही, त्याची तयारी घरी आत्ताच बोलून ठेव. सीईटीच्या फॉर्ममध्ये कॉलेजांचा क्रम लावायच्या आधी लिस्ट मला पाठव, काही कॉलेजं फक्त नावावर चालतात, ती फोनवर सांगेन.

मावशी