कॅसेट, तिकीट आणि आठवण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका रॉक गायकाच्या आमच्या शहरातल्या सुरुवातीच्या कार्यक्रमांच्या आठवणी आम्ही काही चाहते मिळून गोळा करतोय. एकाकडे प्रेक्षकांत बसून भरलेली जुनी सी-९० (नव्वद मिनिटांची) कॅसेट निघाली आहे. लावून बघावी का?

लगेच नको. चाळीस वर्षं पडून असलेल्या कॅसेटचं नुकसान बहुतेक वेळा पहिल्यांदा लावतानाच होतं.

आधी मागच्या कडेवरच्या दोन प्लास्टिकच्या खिट्ट्या तोडलेल्या आहेत का ते बघा. नसतील तर तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही भरलं जाणार नाही. मग खिडकीतून टेपची गुंडाळी उजेडात धरा. कडेवर पांढरी भुरी दिसली तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट लावू नका, कारण डेकमधून तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते.

आता पुढच्या उघड्या बाजूला मधोमध बघा. तिथे पितळी पट्टीवर नमद्याचा चौकोनी तुकडा असतो. टेप हेडला दाबून धरण्याचं काम त्याचं. त्याचा गोंद वाळतो, तुकडा गळून पडतो आणि आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा येतो. लोक म्हणतात ‘रेकॉर्डिंगच गेलं’, पण रेकॉर्डिंग जागेवरच असतं. चांगल्या स्थितीतली, पाच स्क्रूंची एखादी कॅसेट घ्या, ती उघडून तिची टेप काढून टाका आणि आपल्या टेपच्या दोन्ही चकत्या जशाच्या तशा त्या खोक्यात बसवा. दोन्ही बाजूंचे रूळ आणि चकत्यांच्या वरखालचे पातळ कागद विसरू नका. जुनं खोकं स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर सांध्यावर पातळ पातं धरून हलक्या हाताने ठोकत उघडावं लागतं. त्यावरचं लेबल फेकू नका. सी-९० ची टेप साधारण १२ मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे ओढली की ताणते. तुटली असेल तर जोडायला कॅसेटच्या मापाची स्प्लायसिंग टेपच वापरा. साध्या सेलोटेपचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटवतो.

डेकचं हेड आणि धातूचा दांडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी चाक मात्र साबणाच्या पाण्याने. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा. चिकटलेले वेढे सुटतात, किंचाळी कमी होते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकच्या हेडचा कोन क्वचितच जुळतो. हेडच्या बाजूला स्प्रिंग लावलेला छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवा. आवाज मोनो करा (डावा-उजवा एकत्र) आणि टेप चालू असताना स्क्रू अगदी थोडा, एक अष्टमांश फेरा, इकडेतिकडे फिरवून बघा. झांजांचा किंवा टाळ्यांचा आवाज जिथे सगळ्यात लखलखीत येईल तिथे थांबा. काम झालं की स्क्रू पुन्हा खुणेवर. डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करणारी सोय, बंद ठेवा. हातात धरायच्या रेकॉर्डरमध्ये सहसा डॉल्बी नसायचंच, आणि नसताना लावलं की उरलासुरला वरचा आवाजही जातो.

संगणकावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. पूर्ण सी-९० ला सुमारे ३.१ जीबी लागतील. आवाजाचा काटा −६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पंचेचाळीस मिनिटांची बाजू एकाच फाइलमध्ये घ्या. गाणी सुटी करू नका, मधल्या टाळ्या आणि बडबड कापू नका. तारीख ठरवताना गाण्यांपेक्षा ती बडबडच जास्त उपयोगी पडते. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा, मूळ फाइलवर नाही.

प्रश्न : कॅसेटमध्ये गायकाचा आवाज बारीक आणि गाणी घाईत वाटतात. तो तेव्हा खरंच असं गायचा का?

सेल उतरले होते. भरताना मोटर मंद चालली की नेहमीच्या वेगाने वाजवताना सगळं जलद आणि वरच्या पट्टीत येतं. सेल उतरतच जातात, म्हणून बाजूच्या शेवटी पट्टी आणखी चढलेली सापडते. मोटर सहा टक्के मंद असली की अर्ध्या स्वराचा फरक पडतो.

दुरुस्तीचा सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे मंचावरच्या अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ती माइकने टिपलेली असते. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे ही गुणगुण १०० हर्ट्झवर ठळक दिसते, ६० हर्ट्झची असेल तिथे १२० वर. संगणकावरच्या आलेखात ती १०६ वर दिसली तर वेग १०६ भागिले १०० इतका जास्त आहे. सुरुवात, मध्य, शेवट असं तीन ठिकाणी मोजा आणि फरक असेल तर पाच-पाच मिनिटांचे तुकडे वेगवेगळे सुधारा. एक फसगत टाळा : तुमच्या स्वतःच्या डेकची गुणगुणही १०० वरच असते, आणि ती टेपच्या वेगाने हलत नाही. कॅसेटच्या सुरुवातीच्या कोऱ्या टेपवर ऐकू येते ती तुमची.

स्टुडिओच्या रेकॉर्डशी पट्टी जुळवून वेग ठरवू नका. मंचावर गिटार अर्धा स्वर खाली लावणारे अनेक जण होते. जिमी हेंड्रिक्सच लावायचा.

प्रश्न : ‘पहिल्या कार्यक्रमाला मी होतो’ असं सांगणारे आम्हाला सभागृहाच्या क्षमतेपेक्षा जास्त भेटलेत. खरं कोण ते कसं ओळखायचं?

हा जुनाच रोग आहे. मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये ४ जून १९७६ ला सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवून गेला तेव्हा आत चाळीसेक माणसं होती, असं साधारण मानलं जातं. नंतर ‘मी होतो’ म्हणणारे हजारोंनी निघाले. त्यातले सगळे थापाडे नव्हते, आणि तुमचेही नसतील. त्या शहरात त्याच वर्षी आणखी तीन कार्यक्रम झाले : २० जुलैला त्याच सभागृहात, आणि ९ व १९ डिसेंबरला इलेक्ट्रिक सर्कसमध्ये. शिवाय ४ सप्टेंबरला ते टीव्हीवर दिसले. माणसाच्या डोक्यात हे सगळं एकाच संध्याकाळी घडतं.

त्यामुळे ‘होतास का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. मुख्य कलाकाराच्या आधी कोणी वाजवलं ते विचारा. मुख्य कलाकारावर नंतरच्या रेकॉर्डचा, मुलाखतींचा, छायाचित्रांचा लेप चढतो. आधी वाजवलेल्या बँडवर कुणी लेप चढवत नाही. जूनचा कार्यक्रम हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली यांनी भरवला, पण त्यांचा स्वतःचा बँड बझकॉक्स तेव्हा वाजवायला तयार नव्हता. तो मंचावर आला जुलैत. म्हणजे ‘आधी बझकॉक्स झाले, मग पिस्टल्स’ असं सांगणारा माणूस नंतरच्या एखाद्या कार्यक्रमाला होता, जूनच्या रात्री नव्हे. आणि ते काही कमी नाही.

बाकी पद्धत अशी. प्रत्येकाला एकट्याने बोलतं करा. चारचौघांत बसवलं की अर्ध्या तासात सगळ्यांची आठवण एकसारखी होते. तिकीट आणि फोटो शेवटी दाखवा, आधी नाही. विचारायचं ते असं : कुठल्या बाजूला उभे होतात, सोबत कोण, घरी कसे परतलात, शेवटची गाडी मिळाली का. पहिलं गाणं कुठलं, हे विचारू नका. आवडतं गाणं नेहमीच पहिलं होतं असं सांगितलं जातं. उत्तर चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करून लिहू नका, जसं सांगितलं तसं ठेवा आणि शंका शेजारी नोंदवा.

कॅसेटच्या लेबलवरही तेवढाच अविश्वास ठेवा. बॉब डिलनच्या १९६६ च्या ज्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून ‘ज्यूडास!’ अशी आरोळी आली, त्याच्या चोरट्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं नाव होतं. प्रत्यक्षात तो १७ मे चा मँचेस्टरचा कार्यक्रम, त्याच इमारतीतल्या मोठ्या फ्री ट्रेड हॉलमधला. १९९८ मध्ये अधिकृत रेकॉर्ड निघाली तेव्हाही मुखपृष्ठावर ते चुकीचं नाव अवतरणचिन्हांत ठेवावं लागलं, इतकं ते रुळलं होतं.

प्रश्न : तिकिटावर वार आणि तारीख आहे, साल नाही.

वार-तारखेची जोडी ५, ६ किंवा ११ वर्षांनीच परत येते. समजा ब्रिटनमधलं ‘शुक्रवार, ४ जून’ असं तिकीट आहे. शुक्रवारी ४ जून आला तो १९६५, १९७१, १९७६ आणि १९८२ ला. आता किंमत बघा. तिथे १५ फेब्रुवारी १९७१ ला शिलिंग जाऊन दशमान नाणी आली, तेव्हा ‘५० पी’ (पेन्स) छापलं असेल तर १९६५ बाद. दूरध्वनीचा क्रमांकही बोलतो. लंडनचा ०१ हा संकेतांक मे १९९० मध्ये बदलून ०७१ आणि ०८१ झाला. जुन्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर ०७१ दिसला तर ते पोस्टर त्या काळात छापलेलं नाही.

पोस्टर खरं की नक्कल हे बघायला दहापट भिंग पुरतं. अस्सल छपाईत एकरंगी अक्षरांच्या कडा सलग असतात. पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलं की त्याच कडांवर ठिपके येतात. आणि घडीच्या रेषेवरून बोट फिरवा. रेष दिसते पण लागत नाही, म्हणजे तीही छापलेली आहे.

प्रश्न : तिकिटं आणि फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेत. काढून लॅमिनेट करावेत का?

लॅमिनेट अजिबात नको, ते परत सुटत नाही. पान अल्बमसकट ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मगच दात साफ करायचा, मेण नसलेला दोरा फोटोच्या मागे कोपऱ्यातून घालून करवतीसारखा हळूहळू ओढा. अडला तर थांबा, फोटो वाकवू नका. सुटलेले कागद पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नको. पीव्हीसीतून निघणारी द्रव्यं शाई उचलतात. तिकिटाची मागची बाजूही स्कॅन करा. गाण्यांची यादी बऱ्याचदा तिथेच पेन्सिलीने लिहिलेली सापडते, आणि ती त्याच रात्री लिहिलेली असते.