बालवाडीतले पाण्याचे खेळ आणि वहीचा हट्ट

ताई, पाण्याच्या खेळांमुळे "वहीत काहीच दिसत नाही" म्हणून ते बंद करायला सांगितलंय, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. नागपुरात बालवाडी चालवताना मी याच त्रासातून गेले आहे.

टब, मग, झाकणं वगैरे तुमच्याकडे असेलच, त्यावर लिहीत नाही. आमच्याकडे सगळ्यात रंगायचा तो संत्र्याचा प्रयोग. सालासकट संत्रं पाण्यात तरंगतं. सोललं की हलकं होऊनही बहुतेक वेळा तळाशी जातं, कारण सालीत अडकलेली हवा गेलेली असते. हे मी आधी सांगत नसे. "आता काय होईल?" एवढंच विचारायचं. एका पोराने सोललेल्या संत्र्यावर साल परत दाबून बसवली आणि हळूच सोडलं. साल सुटून वर आली, संत्रं खाली. लगेच त्याने दुसरं मागितलं!

मग आमची कागदपत्रं जिथे जायची त्या कार्यालयाचं फर्मान आलं: प्रत्येक मुलाची 'तरंगते की बुडते' अशी भरलेली वर्कशीट हवी, तीही बरोबर उत्तरांची. 5 वर्षांच्या मुलाचा अंदाज चुकला तर बिघडलं काय, असं लेखी विचारलं. उत्तर नाही, फक्त कागद जमा करायची तारीख. थोड्याच दिवसांत मुलं संत्रं हातात धरून विचारू लागली, "मॅडम, काय लिहायचं?" ओली फरशी पुसता येते हो, पण ही सवय काढताना जीव मेटाकुटीला येतो.

पुरावा द्यायचाच असेल तर भिंतीवर मोठा कागद लावा आणि मुलाचा अंदाज त्याच्याच शब्दांत तुम्ही लिहा, चुकीचा असला तरी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वयोगटासाठी खेळातून शिकण्यावरच भर आहे, हे खेळ चालू ठेवण्यासाठी संस्थेला अर्ज कराल त्यात नक्की घाला. अर्थात हे माझं मत. तुमच्या संस्थेचे नियम तुम्हालाच जास्त ठाऊक.

जाता जाता: मे महिन्यात गारेगार करणारा आपला कूलर जुलैत नुसती चिकचिक का करतो, हे घरी करून पाहण्यासारखं आहे. सारखेच दोन ओले रुमाल, एक मेमध्ये आणि एक जुलैत, वाळत घाला आणि कुठला लवकर वाळतो ते पाहा (कूलरचा गारवाही पाणी असं वाळण्यातूनच येतो), मुलं आपसूक बोलू लागतात.

टबाजवळून मोठ्या माणसाने क्षणभरही हलायचं नाही. आणि खेळ संपला की पाणी लगेच झाडांना घाला, साठवून डेंग्यूच्या डासांची सोय करू नका.